निनावी शहर आणि ‘वेडा अरब’

‘नेक्रोनॉमिकॉन’ नावाचे अरबी पुस्तक खरोखर आहे का, आणि ते लिहिणारा वेडा अरब कोण? इंग्रजी भयकथा वाचणारी मुले आईवडिलांना हे विचारतात आणि आईवडील आम्हाला. पुस्तकही नाही, अरबही नाही. दोन्ही अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरातील लेखक हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट (१८९०-१९३७) यांच्या डोक्यातून निघाले. १९७७ साली अमेरिकेत या नावाचे पुस्तक छापून निघाले खरे, पण ते लेखकाच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी मांडलेले दुकान.

पाचेक वर्षांचे असताना त्यांनी अरेबियन नाइट्स वाचले आणि खेळात स्वतःला ‘अब्दुल अलहाझ्रेद’ म्हणवून घेतले. नाव ऐकूनच कळते की घरात अरबी जाणणारे कोणी नव्हते. अब्द म्हणजे बंदा. ‘अब्दुल’पुढे अल्लाहचे एखादे नाव हवे. शिवाय त्यात एक ‘अल’ आलेलाच आहे. अकीक्याला कोणी असे नाव सुचवले असते तर आधी आजीच हसली असती!

हा अलहाझ्रेद प्रथम येतो तो १९२१ च्या ‘द नेमलेस सिटी’ या कथेत. अरबस्तानच्या वाळवंटात एक निनावी शहर आहे. अरब तिकडे फिरकत नाहीत. निवेदक त्यांचे न ऐकता उंटावर एकटाच जातो. तिथली देवळे इतकी बुटकी की आत धड गुडघ्यांवरही उभे राहता येत नाही. तरी तो सरपटत शिरतो, अरुंद पायऱ्या उतरत खोल जातो. हातातली मशाल विझते, तरी मागे वळत नाही. खाली काचेच्या पेट्यांत सुसरीसारख्या प्राण्यांची वाळलेली शरीरे, अंगावर भरजरी वस्त्रे. भिंतीवर त्याच प्राण्यांचा इतिहास रंगवलेला. तो मात्र स्वतःला समजावत राहतो : ही चित्रे माणसांचीच असणार, प्राणी केवळ प्रतीक! छत बुटके, पेट्यांत तेच प्राणी, चित्रांत तेच, आणि शेवटच्या चित्रात तर ते एका माणसाला फाडत आहेत. तरी त्याला ते कबूल करायचे नाही. आमच्या मते कथेतली खरी भीती इथे आहे. शेवटी पितळी दारातून आत शिरणारा वारा आणि आकृत्यांची झुंड त्यामानाने फिकी वाटते.

फाडला जाणारा तो माणूस बहुधा इरमचा, असे निवेदकाला वाटते. इरमचा आणि आद कौमचा उल्लेख आपण सूरह फज्रमध्ये वाचतो. तिथे ती घमेंडीमुळे नष्ट झालेल्या माणसांची हकिगत आहे. लव्हक्राफ्टना त्यातले फक्त गूढ हवे होते. परक्या वंशांबद्दलचा त्यांचा तिरस्कार त्यांच्या पत्रांतून उघड दिसतो. गंमत अशी की या कथेत शहाणे ठरतात ते दूर राहणारे अरबच. तरी जगभर पसरला तो ‘वेडा अरब’.

मोठ्या मुलांना ही कथा जरूर वाचू द्यावी, असे आम्हाला वाटते. पण शेजारी बसून. पुढे १९२७ मध्ये लव्हक्राफ्टनी नेक्रोनॉमिकॉनचा खोटा इतिहासही रचला. त्यात अलहाझ्रेद ७३८ साली मरतो, अदृश्य राक्षस त्याला भरदिवसा लोकांसमोर खातो, आणि साक्षीला आणला आहे बाराव्या शतकातला चरित्रकार इब्न खल्लिकान. इब्न खल्लिकान मात्र खरा. १२११ साली जन्मला, १२८२ मध्ये वारला. म्हणजे शतकही चुकले. त्याचा चरित्रकोश आजही मिळतो, आणि त्यात या नावाचा माणूस नाही.