रेघ कोण मारतो?

धाकटा यंदा बारावीला आहे. वडूजहून त्याचा फोन आला तेव्हा मी इंदिरा डॉकवर पाळी संपवून हात धूत होतो. म्हणाला, "दादा, नाटा द्यायचीय. आर्किटेक्चरला जायचंय." मला नाटक ऐकू आलं. मग त्यानं समजावून सांगितलं, की ती प्रवेशाची परीक्षा आहे. तेवढ्यात चुलत्यानं फोन ओढून घेतला.

"आरं, पाच वर्सं म्हणतोय ह्यो! पाच वर्सं कागुद रंगवायचा? आयटीआयला घाल त्येला, ड्राफ्समन. दोन वर्सात पगार. तू तिकडं वझी उचलायची आन् ह्येनं हिकडं चित्रं काढायची, आसलं कुठं आसतंय व्हय?"

चुलता तीस वर्षं गवंड्याच्या हाताखाली आहे. वडूजमधले कैक बंगले त्यानं पाटीनं वाहिलेल्या मालावर उभे आहेत. त्यातल्या एकाही बंगल्याच्या सोप्यात त्याला चहा प्यायला बसवलेलं मी पाहिलं नाही. त्याचं बोलणं उडवून लावायची माझी छाती नाही, कारण ते पोटातून येतं. पण मी धाकट्याच्या बाजूनं आहे, आणि चळवळीतल्या दोस्तांनीही असावं म्हणून हे लिहितोय. ह्या अंकाला कविता देणार होतो. ती राहिली.

१९७२ साल आपल्याला पाठ आहे. पँथर निघाली ते साल. त्याच साली आमच्या खटाव-माणात दुष्काळानं माणसं कामावर काढली. आज्जी तेव्हा परकरातली पोर. खडी फोडायला गेली, पाझर तलावाची माती उचलली, सुकडी खाऊन दिवस काढले. आणि त्याच १९७२ साली दिल्लीत एक कायदा झाला, तो आपल्याला कुठल्याच सभेत कुणी सांगितला नाही. आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट. कौन्सिलकडं नोंद नाही त्यानं स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घ्यायचं नाही. पुढं २०२० साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की बंदी नावाला आहे, कामाला नाही. म्हणजे नाव राखीव! आमच्या तेरा टक्क्यांवर बोटं मोडणाऱ्यांच्या पोरांना आपल्या पाटीवरच्या चार अक्षरांसाठी कायदा लागला, हे ऐकून मी डॉकवर एकटाच हसलो.

कुंपणाचा मला राग नाही. पाच वर्षं घासून शिकलेल्यानं आपलं नाव जपावं. पण त्या कुंपणाच्या आत माझ्या ओळखीचा आपला एकही माणूस नाही. वकील आहेत, प्राध्यापक आहेत, तलाठी आहेत, फौजदार आहेत, कवी तर पायलीला पन्नास. घराचा नकाशा काढणारा? कुणी असेल तर ह्या मासिकाच्या पत्त्यावर कळवा, मी भाकरी बांधून भेटायला येतो.

आज्जीच्याही आधीची गोष्ट सांगतो. १९०१ च्या सुमाराला ह्याच खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता. त्या कामावर रामजी सुभेदार खजिनदार होते. बापाला भेटायला साताऱ्याहून निघालेली पोरं मसूर स्टेशनावर उतरली आणि जात कळल्यावर त्यांना गाडीवान मिळेना, वाटेत पाणी मिळेना. बाबासाहेबांनी ते स्वतः लिहून ठेवलंय. आपण ते वाचतो आणि पाण्यापाशी थांबतो. थांबावंच. मी मात्र हल्ली त्या तलावापाशीही थांबतो. हिशेब आपल्या माणसाच्या हातात होता. माती भुकेल्यांच्या डोक्यावर होती. नकाशा कुणाच्या टेबलावर होता?

रेघ म्हणजे काय चीज आहे, हे मुंबईत राहणाऱ्यानं तरी विचारू नये. बीडीडी चाळी १९२१ ते १९२५ च्या दरम्यान उठल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी मिळून २०७ इमारती. एका इमारतीत ऐंशी खोल्या, एक खोली १६० चौरस फूट, संडास मजल्याच्या टोकाला सामाईक. कुणीतरी कधीतरी टेबलावर वाकून १६० चा आकडा लिहिला. त्या माणसाला तिथं राहायचं नव्हतं. त्या आकड्यात आपल्या तीन-चार पिढ्या जन्मल्या, लग्नं झाली, बाळंतपणं झाली, गॅलरीत झोपून पोरं मॅट्रिक झाली. १९७४ ची दंगल त्याच गॅलऱ्यांनी पाहिली. ती रेघ पुसायला शंभर वर्षं लागली: २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीत पहिल्या काही कुटुंबांना ५०० फुटांच्या घराच्या चाव्या मिळाल्या. पाचशेचा आकडाही आपल्यातल्या कुणी टेबलावर बसून काढलेला नाही. मागितलेला आहे. मागणं आणि काढणं यात फरक आहे.

बाबासाहेब १९१२ पासून १९३४ पर्यंत, मधली परदेशातली वर्षं सोडली तर, परळच्या बीआयटी चाळीत राहिले. मग दादरला राजगृह. पुस्तकांना जागा हवी म्हणून बांधलेलं घर. खोली माणसाचं काय करते ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळलेलं होतं.

गावाचं तर विचारूच नका. आमचा वाडा उगवतीला, गावाच्या कडेला. त्याचा कागद कुणी काढला नव्हता, तरी रेघ पक्की होती. २०२० साली सरकारनं वस्त्यांची जातवाचक नावं काढायचं ठरवलं. चांगलं झालं. पाटी बदलली. रेघ तिथंच आहे. आणि शहरात जे नवे टॉवर उठताहेत त्यांत धुणंभांडंवालीला वेगळी लिफ्ट. ती लिफ्ट आभाळातून पडत नाही. शिकलेलं पोरगं ती नकाशात दाखवतं, चौकटीत फुली मारतं, बाजूला नाव लिहितं. त्या टेबलावर आपलं पोरगं असतं तर त्यानं फुली मारली नसती, अशी खात्री मी देत नाही. पगारासाठी त्यानंही मारली असती कदाचित. पण निदान त्याचा हात थरथरला असता, आणि कधीतरी त्यानं उठून विचारलं असतं की ही बाई बाकीच्यांबरोबर वर का जात नाही?

धाकट्यानं मला एक मजा सांगितली. ल कार्बुझिए म्हणून मोठा माणूस, चंदिगड उभं करणारा. त्यानं इमारतीच्या मापांसाठी एक माणूस ठरवला. उंची १८३ सेंटिमीटर, हात वर केला की २२६. सहाच फूट का? तर इंग्रजी डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांतला देखणा माणूस, म्हणजे तिथला पोलीस, सहा फुटी असतो! असं त्यानं स्वतःच लिहिलंय म्हणे. आमची आज्जी चार फूट दहा इंच. डोक्यावर पाटी धरली तरी सहा फूट भरायची नाही. घरकुलात फळी एवढ्या उंच मारलीय, की डाळीचा डबा काढायला ती उलट्या घमेल्यावर चढते. साला, जिनं दुनियेची माती वाहिली तिच्या मापाची एक फळी नाही.

चुलत्याला आता माझं उत्तर. ड्राफ्ट्समन होणं हलकं नाही, पोट भरतं. पण मुंबईच्या जे. जे. मध्येसुद्धा सुरुवात ड्राफ्ट्समनच्या वर्गानंच झाली होती. साहेबाच्या ऑफिसात नकाशे छापून-गिरवून द्यायला हात हवे होते. १९१३ च्या सुमाराला पुरा अभ्यासक्रम आला तेव्हा कुठं इथला माणूस गिरवण्यातून सुटून काढायला लागला. आपण शंभर वर्षांनी पुन्हा गिरवण्यापाशी जाऊन उभं राहायचं?

वाट सोपी आहे असं मी म्हणत नाही. पाच वर्षं, दहा सेमिस्टर. बारावीला गणित आणि फिजिक्स पाहिजे. दहावीनंतर गणितासह तीन वर्षांचा डिप्लोमा केला तरी दार उघडतं, पण बसवतात पहिल्याच वर्षात. इंजिनिअरिंगवाले डिप्लोमावाल्याला थेट दुसऱ्या वर्षात घेतात, इथं ते नाही. सरकारी कॉलेजं बोटावर मोजण्याएवढी, बाकी सगळा खासगी बाजार. शिष्यवृत्ती फी भागवते, तीही येईल तेव्हा. कार्ट्रिज शीट, मॉडेलचा पुठ्ठा, प्लॉटिंग, अभ्याससहल, लॅपटॉप, हे कुठल्या फॉर्मवर लिहायचं? रात्रभर बसून केलेलं मॉडेल एसटीच्या गर्दीत मोडतं, ते वेगळंच. पोरं हुशारीला कमी पडून गळत नाहीत, पुठ्ठ्याला कमी पडून गळतात.

आणि आपण? जयंतीला डीजेची वर्गणी एका संध्याकाळी गोळा होते. मी स्वतः दिलीय, नाचलोयही. वस्तीवस्तीत विहार बांधतो. नकाशा ठेकेदाराच्या खिशातल्या सिगारेटच्या पाकिटावर. चार भिंती, वर पत्रा, समोर कमान. आत उन्हाळ्यात बसवत नाही. पुस्तकाचं कपाट ठेवायला कोरडी भिंत नाही. माणदेशच्या उन्हात वारा कुठून घ्यावा, सावली कुठं पाडावी, हे शिकवणारा विषय ह्याच अभ्यासक्रमात आहे. ह्या मासिकाच्या दोस्तांना माझी सूचना आहे, आवडो न आवडो: येत्या जयंतीला एका डीजेचे पैसे काढून ठेवा आणि आर्किटेक्चरच्या एका पोराच्या शीट्सचा वर्षाचा खर्च उचला. माझ्या भावाला देऊ नका. त्याचं मी डबल पाळी करून बघतो. दुसरं पोरगं शोधा, पोरगी असली तर आधी तिला.

चुलता अजून वळलेला नाही. काल म्हणाला, "जाऊं दे जायचं तर. पर सुट्टीला आला की माझ्यासंगं पाटी उचलायला यायचं." धाकटा हो म्हणाला. मला ती अट पटली. कॉलेजनंच घालायला पाहिजे होती.

सध्या तो सरावासाठी आज्जीचं घर मोजतोय. मलाही काम लावलंय: शिवडीची खोली मोजून पाठव, आम्ही पाच जण झोपतो कसे तेही काढून पाठव. टेप कुणाकडं नव्हता. गोदीतली सुतळी आणली, पोलादाच्या कॉइलवर छापलेल्या मापाशी लावून तिला गाठी मारल्या. खोली भरली आठ गाठी आणि वर वीतभर.