लॅपटॉपची ‘फट् फट्’ आणि भिंतीतली वायर

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात आमच्या घरी एक नवाच पाहुणा मुक्कामाला होता. दिसायचा नाही, नुसता ऐकू यायचा. संध्याकाळी लेक लॅपटॉपवर गणिताचा व्हिडिओ लावून बसली, की सरांच्या दर दोन-चार वाक्यांमागे ‘फट्!’ फोडणीत मोहरी तडतडावी तसं. समीकरण राहायचं बाजूला आणि आमची पोरगी कानावर हात ठेवून बसायची.

हा लॅपटॉप आम्ही २०२० साली घेतला. शाळा बंद, मुलं घरात, आणि मी अर्धवेळ का होईना, पण शिक्षिका. माझे तास त्याच्यावर, लेकीचा अभ्यास त्याच्यावर. तेव्हा तो बिघडला म्हणजे घरातला एक माणूसच आजारी पडल्यासारखं! हे म्हणाले, “दुकानात दाखवून ये.” दुकानातल्या मुलानं मशीन उघडलंसुद्धा नाही. एकदा गाणं लावलं, मान हलवली आणि म्हणाला, “वहिनी, स्पीकर गेले. दोन्ही बदलावे लागतील. अठराशे रुपये.”

अठराशे! महिनाअखेर होती. “विचारून सांगते,” म्हणून मी लॅपटॉप काखोटीला मारून घरी आले. आज वाटतं, त्या दिवशी पर्समध्ये पैसे नव्हते हे किती बरं झालं! नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत झाली असती. का, ते सांगते.

आधी हा आवाज होतो कसा, ते पाहू. लॅपटॉपचा स्पीकर म्हणजे एक छोटासा पडदा, त्याला चिकटलेलं तारेचं वेटोळं आणि जवळ एक लोहचुंबक. वेटोळ्यातून वीज खेळली की पडदा थरथरतो आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. या पडद्याला मधेच एकदम हिसका बसला, की ‘फट्’ होतं. आता हा हिसका तीन ठिकाणांहून बसू शकतो: पडदाच फाटला असेल, आतल्या प्रोग्रॅमचा गोंधळ असेल, किंवा विजेतच खोट असेल.

प्रोग्रॅमचा गोंधळ म्हणजे काय? पोळ्यांचं घ्या. एकीनं लाटायचं, दुसरीनं भाजायचं. लाटणारीच्या मागे चार कामं लागली, की तवा मधेच रिकामा पडतो. लॅपटॉपचंही तसंच. तो आवाजाचे बारीक बारीक तुकडे तयार करून स्पीकरकडे पाठवत असतो. एकाच वेळी दहा खिडक्या उघड्या ठेवल्या, की पुढचा तुकडा वेळेवर पोचत नाही आणि त्या रिकाम्या क्षणी ‘फट्’ होतं.

मग खोट कुठली, हे ओळखायचं कसं? बाळ रडायला लागलं की आपण आधी लंगोट बघतो, मग भूक, मग पोट. तसंच एकेक करून पाहायचं. पैसा लागत नाही, अर्धा तास पुरतो.

पहिलं म्हणजे लॅपटॉप पुरता बंद करून पुन्हा चालू करा. नुसतं झाकण मिटणं म्हणजे बंद करणं नव्हे, बरं का! ‘रिस्टार्ट’ म्हणा. निम्म्या तक्रारी इथंच मिटतात.

दुसरं, आवाज पूर्ण चढवला असेल तर साठ-सत्तरवर आणा. एवढ्याशा पडद्याला तो भार पेलत नाही. आवाज उतरवल्यावर फटफट थांबली, तर आजार नाही, अतिरेक आहे.

तिसरी परीक्षा सगळ्यांत महत्त्वाची. वायरवाला इअरफोन लावून तेच गाणं ऐका. इअरफोनमध्ये स्वच्छ आणि स्पीकरवर फटफट, तर दोष बहुतेक स्पीकरचाच. इअरफोनमध्येही फटफट आली, तर स्पीकर बिचारा निर्दोष. एकाच व्हिडिओला होत असेल, तर मूळ रेकॉर्डिंगच खराब. म्हणून दुसरं काहीतरी लावूनही पाहा.

चौथं, चार्जरची पिन काढा आणि नुसत्या बॅटरीवर ऐका.

मी हे सगळं केलं. इअरफोनमध्येही फटफट होतीच, म्हणजे अठराशे वाचले! शिवाय मागे एक बारीक ‘घूंऽऽ’ असा आवाज होता, तो स्पीकरवर कधी जाणवलाच नव्हता. चार्जर काढला आणि काय सांगू, घूंऽऽ एकदम बंद आणि फटफटही बरीचशी कमी. चार्जर लावला की पुन्हा सुरू. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच.

तेवढ्यात लेक म्हणाली, “आई, मी तुला सांगितलं होतं ना, चार्जिंगला असला की लॅपटॉप चावतो!”

मैत्रिणींनो, खरंच सांगितलं होतं तिनं. दोनदा. आणि मी काय म्हटलं होतं? “अभ्यास टाळायला निमित्त नकोत!” आता मी स्वतः चप्पल काढून फरशीवर उभी राहिले आणि लॅपटॉपच्या धातूच्या कडेवर हलकेच बोट फिरवलं. झिणझिण्या आल्या. माझ्या पोटात धस्स झालं. (तुम्ही मात्र असं बोट लावून पाहू नका हं. मीही नको होतं करायला.)

दुसऱ्याच दिवशी वायरमनला बोलावलं. त्यांनी बोर्ड उघडला आणि म्हणाले, “बाई, ह्याला अर्थिंगच नाही.” हिरवी वायर बोर्डात आली होती, पण जोडलीच नव्हती. नुसती दुमडून ठेवलेली.

महाडकर बहिणींना याचं कारण सांगायला नको. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारी गावात शिरल्या. आमच्या तळमजल्यावर बोर्ड बुडाले. चिखल उपसल्यावर सगळ्या गावाला एकदमच वायरमन हवे होते. ज्याला जो मिळाला त्यानं घाईघाईनं दिवे लावून दिले. दिवा लागला, पंखा फिरला, आपण देवापुढे साखर ठेवली. अर्थिंग नसलं तरी दिवा लागतोच, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही.

तीन पिनांतली वरची जाड पिन ती अर्थिंगची. लॅपटॉपच्या चार्जरमधून थोडीशी वीज धातूच्या भागावर येते, ती या वाटेनं जमिनीत जायची असते. वाट बंद असेल तर ती तिथंच घुटमळते. त्यातूनच झिणझिण्या आणि त्यातूनच घूंऽऽ आणि फटफट. लॅपटॉपपुरता करंट अगदी थोडा असतो, पण आमच्या त्याच लाइनवर फ्रिज आहे, धुण्याचं मशीन आहे. उद्या त्यांच्या आत एखादी वायर सुटून पत्र्याला टेकली आणि ओल्या हातानं कुणी दार उघडलं तर? विचारानंच झोप उडाली.

वायर जोडली, अर्थिंग नीट लागतं का ते तपासून घेतलं, आणि मेन बोर्डाजवळ आर.सी.सी.बी. बसवून घेतलं. वीज भलतीकडे झिरपायला लागली, की ते पटकन सगळं बंद करतं. त्यावर ‘टेस्ट’चं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून पाहायचं. दाबल्यावर वीज गेली नाही, तर वायरमनला बोलवा. आणि चार्जरची तिसरी पिन कापणं किंवा तीन पिनांचं दोन करणारं बोंडुक लावणं कृपा करून सोडा. तुमचा चार्जर मुळातच दोन पिनांचा असेल, तर अर्थिंग ठीक असूनही किंचित झिणझिणतं. पण तीन पिनांचा असून झिणझिणत असेल, तर बोर्ड तपासून घ्याच.

उरलेली थोडी फटफट बॅटरीवरही होती, ती प्रोग्रॅमची. विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, मग ‘सिस्टिम’, मग ‘साउंड’ उघडा. स्पीकरच्या नावावर क्लिक केलं की ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ दिसतं, ते ‘ऑफ’ करा. तरी थांबलं नाही, तर लॅपटॉप कंपनीच्याच वेबसाइटवरून आवाजाचा ड्रायव्हर नवा करून घ्या. भलत्यासलत्या जागेवरून नको. माझं पहिल्यातच भागलं. सुंठीवाचून खोकला गेला! आवाज सुरू होताना एकच हलका ‘टक्’ होत असेल, तर मात्र काळजी नको. वीज वाचवायला झोपलेला आवाजाचा भाग जागा होतो, त्याची ती जांभई.

आता दुकानदार नेहमीच चुकतात असं समजू नका. पोलादपूरला माझ्या नणंदबाई असतात. त्यांना हे सगळं फोनवर ऐकवलं, तर म्हणाल्या, “वहिनी, आमचाही खरखरतोय.” त्यांच्याकडे इअरफोनवर अगदी स्वच्छ. मग साउंडमध्येच डावा-उजवा आवाज कमीजास्त करून पाहायला सांगितलं. उजवा ठीक, डावा फाटका. भाचेबुवा लॅपटॉप गादीवर ठेवून पूर्ण आवाजात गाणी लावतात, दुसरं काय होणार! त्यांनी डावा स्पीकर बदलून घेतला. तिथं तो खर्च रास्तच होता.

जाता जाता पावसाळ्याचं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा घाम गाळतात. लॅपटॉप बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. स्पीकरच्या जाळीवरची धूळ कोरड्या मऊ ब्रशनं झाडा. सुई घालू नका, केस वाळवायचं यंत्र लावू नका. गडगडायला लागलं की पिन काढून ठेवा.

आणि शेवटचं, मला स्वतःलाच बजावायचं आहे ते. पोर म्हणालं ‘चावतो’, तर रागावण्याआधी एकदा बोर्ड बघा. आमच्या घरात ते सांगत होती लेक आणि सांगत होता लॅपटॉप. दोघांचंही ऐकायला मला महिना लागला.