विश्लेषण : ‘नॅक’चे नाव काढताच प्राध्यापक का वैतागतात?

कॉलेजच्या फाटकावर ‘नॅक मानांकित’ असा फलक दिमाखात लागतो. स्टाफरूममध्ये मात्र याच शब्दाने कपाळावर आठ्या पडतात. प्राध्यापकांना गुणवत्तेचेच वावडे आहे की तक्रार वेगळी आहे? कळवणसारख्या आदिवासीबहुल तालुक्यात पदवी घेणाऱ्यांसाठी हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

‘नॅक’ काय करते?

राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद म्हणजे ‘नॅक’. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९४ मध्ये तिची स्थापना केली; मुख्यालय बेंगळूरुत आहे. अभ्यासक्रम, अध्यापन, संशोधन, सुविधा अशा सात निकषांवर ती महाविद्यालये तपासते आणि ‘ए प्लस प्लस’पासून खाली श्रेणी देते. संलग्न महाविद्यालयांसाठीच्या १००० गुणांपैकी ३५० गुण अध्यापन व मूल्यमापनाला आहेत.

२०१७ पासून पद्धत बदलली. सुमारे ७० टक्के गुण ऑनलाइन भरलेल्या आकडेवारीवर ठरू लागले. या आकड्यांची पडताळणी त्रयस्थ यंत्रणा करते. उरलेले गुण तज्ज्ञांच्या समितीच्या पाहणीवर ठरतात. दरवर्षीचा गुणवत्ता अहवालही द्यावा लागतो. हे काम कॉलेजचा अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष, म्हणजे ‘आयक्यूएसी’ पाहतो.

मग तक्रार काय?

पहिली तक्रार कागदांची. वृक्षारोपण झाले तरी परिपत्रक, हजेरीपत्रक, जिओटॅग फोटो आणि अहवाल हवा. वर्गात नीट शिकवलेल्या तासाचा असा पुरावा नसतो. त्यामुळे शिकवण्यापेक्षा शिकवल्याचे दाखवण्यात वेळ जातो, अशी भावना होते.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. मंजूर पदांच्या तुलनेत पूर्णवेळ प्राध्यापक किती, यालाही गुण आहेत. पण अनुदानित महाविद्यालयांत भरतीची परवानगी राज्य सरकार देते. पदे रिक्त राहिली की तासिका तत्त्वावरील, म्हणजे ‘सीएचबी’ प्राध्यापकांवर काम भागवले जाते. गुण कॉलेजचे जातात आणि फाइलींचे ओझे मोजक्या कायम प्राध्यापकांवर पडते. संलग्न महाविद्यालयांचा अभ्यासक्रमही विद्यापीठच ठरवते. नाशिक जिल्ह्यात ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ.

विश्वासाला तडा कुठे गेला?

मार्च २०२३ मध्ये ‘नॅक’च्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष डॉ. भूषण पटवर्धन यांनी राजीनामा दिला. काही संस्थांना मिळणाऱ्या श्रेणींबद्दल त्यांनी स्वतःच शंका उपस्थित केली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातील एका अभिमत विद्यापीठाला चांगली श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने ‘नॅक’च्या पाहणी समितीतील अध्यक्ष व सदस्यांना अटक केली. प्रामाणिकपणे फाइली भरणाऱ्याने यातून काय बोध घ्यावा?

‘नॅक’चा फायदा काहीच नाही?

आहे. राखीव जागा किती भरल्या, शिष्यवृत्ती किती जणांना मिळाली, निकाल किती लागला, याची नोंद ठेवणे भाग पडते. आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय असलेल्या कळवणसारख्या ठिकाणी ही माहिती मोलाची आहे. प्रयोगशाळा, ग्रंथालय, इंटरनेट यांची मागणी संस्थाचालकांपुढे ठेवायलाही प्राध्यापकांना आधार मिळतो. म्हणूनच तपासणी नको, असे सरसकट म्हणणे पटणारे नाही. तपासणीने कामाला मदत व्हावी, ही अपेक्षा मात्र रास्त आहे.

पुढे काय बदलणार?

श्रेणींऐवजी ‘मानांकित’ किंवा ‘अमानांकित’ एवढेच ठरवायचे आणि नंतर एक ते पाच स्तर द्यायचे, अशी सुधारणा ‘नॅक’ने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केली. डॉ. के. राधाकृष्णन समितीच्या शिफारशी त्यामागे आहेत. एकच माहिती वेगवेगळ्या यंत्रणांना पुन्हा पुन्हा देण्याचा त्रास संपवणे हाही त्यातला एक हेतू आहे. पण रिक्त पदे नव्या पद्धतीने भरली जाणार नाहीत. तो निर्णय मुंबईत, मंत्रालयातच व्हावा लागेल.

विद्यार्थ्यांनी काय पाहावे?

केवळ श्रेणी पाहून प्रवेश घेऊ नका. कॉलेजच्या संकेतस्थळावर वार्षिक गुणवत्ता अहवाल असतो. पूर्णवेळ प्राध्यापकांचा आकडा त्यात शोधा. आपल्या विषयाला कायम शिक्षक आहे का, हे कार्यालयात थेट विचारा. शिकत असाल तर ‘नॅक’कडून विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाचा ईमेल येऊ शकतो. त्यातील २१ प्रश्नांना स्वतः, खरी उत्तरे द्या. वर्गात तास होतात की नाही, हे तुमच्याइतके पाहणी समितीलाही ठाऊक नसते.