रंगविलेलीं शिंगें आणि रंगविलेलीं घरें

बैलबाजारांत गेलेला आमचा शेतकरी सहसा फसत नाहीं. शिंगांना रंग दिलेला आहे, गळ्यांत नव्या घुंगरांची माळ आहे, अंग तेल लावून चकचकीत केलें आहे, एवढ्यावर तो भुलत नाहीं. तो जबडा उघडून दांत पाहतो, खांद्यावर हात फिरवून जुवाची जखम आहे काय तें चाचपतो, चार पावलें चालवून पाहतो, आणि मालक कबूल झाला तर गाडीला जुंपूनही पाहतो. एका जनावरासाठीं एवढी चौकशी! पण तोच शेतकरी, तोच सुतार, तोच गवंडी पंधरा-वीस लाखांचें घर घ्यावयास निघाला कीं वहाणांबरोबर आपली अक्कलही उंबऱ्याबाहेर काढून ठेवितो. तेथें रंगविलेलीं शिंगें पाहूनच सौदा होतो. हें असें कां व्हावें?

हल्लीं तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गांवीं एक धंदा वाढला आहे. अडलेल्या माणसाचें जुनें घर थोडक्या पैशांत घ्यावयाचें, दोन-चार महिन्यांत पुट्टी, रंग, गुळगुळीत फरशी, स्वयंपाकाला नवा ओटा आणि भिंतीला व छताला प्लॅस्टिकच्या पट्ट्या, एवढा साज चढवावयाचा, आणि तेंच घर दीडपट-दुप्पट किमतीस विकावयाचें. हा धंदा करणारे सगळेच लबाड असतात, असें मी म्हणत नाहीं. भाऊबंदकीमुळें वर्षानुवर्षें कुलूप पडलेलें घर त्यांतला एखादा सोडवितो, चार वारसांच्या सह्या गोळा करितो, जुना बोजा फेडतो, तुंबलेलें गटार नवें घालतो. हीं कामें खरीं आहेत, त्यांची मजुरी त्यानें घ्यावी, त्यांत पाप नाहीं. शिवाय नवराबायको दोघेंही रोजानें जाणारीं असतील तर गवंड्यावर चार महिने देखरेख कोण करणार? भाडें आणि हप्ता एकदम कोण भरणार? बँकही तयार घराला लौकर कर्ज देते. तीस लाखांपर्यंतच्या कर्जांत घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम तिला देतां येते. पडक्या घरावर मात्र ती नाक मुरडते, आणि दुरुस्तीचा पैसा पदरचा लागतो. म्हणून सजवून विकलेलें घर घेऊंच नये, असा माझा हट्ट नाहीं. दुरुस्ती केली आहे कीं नुसती झांकपाक केली आहे, एवढाच प्रश्न आहे.

आमच्या गांवच्या एका सुताराची हकीकत सांगतों. त्याचें नांव सांगत नाहीं, कारण या हकीकतींत खरा दोषी मीच आहें.

आमचें गांव कृष्णाकांठचें. मुलींच्या कॉलेजाची सोय व्हावी म्हणून या सुतारानें सांगलीस घर घ्यावयाचें ठरविलें. बावीस वर्षें रंधा ओढून जमविलेले पैसे, बायकोचे दोन दागिने आणि बँकेचें कर्ज. गेल्या वर्षींच्या पाडव्याच्या आधीं तो कागद घेऊन शाळेंत आला नि म्हणाला, “गुरुजी, तुमी वाचून बघा. तुमच्या नजरेखालनं गेलं म्हंजे झालं.” मीं खरेदीखताचा मसुदा दोनदां वाचला, चतुःसीमा ताडून पाहिल्या, नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर सूची दोन काढून विकणाराचें नांव जुळविलें. सगळें बरोबर होतें. मग आम्ही घर पाहावयास गेलों. कागदाला दोन संध्याकाळ आणि घराला पंधरा मिनिटें!

सुतारानें भिंतीवर वाजवून पाहण्यासाठीं बोटाचें पेर उचललें होतें. इतक्यांत विकणारा गृहस्थ हंसत म्हणाला, “काका, रंग ताजा आहे, डाग पडेल.” त्यानें हात मागें घेतला. ज्या माणसाला लांकडावर टिचकी मारली कीं आंतली पोकळी कळते, तो माणूस एका स्वच्छ कपड्यांतल्या गृहस्थापुढें ओशाळला. आणि मीं काय करावें? “चला, कचेरींत नंबर जाईल,” म्हणून त्याला घाई केली, आणि खरेदीखतावर साक्षीदार म्हणून सही ठोकली. अध्यापक विद्यालयांत आम्हांला पढविलें होतें कीं, मुलानें वस्तु आधीं पाहावी, हाताळावी, मग तिच्याविषयीं बोलावें. वीस वर्षें मी तेंच शिकवितों आहें.

आषाढांत भिंती बोलूं लागल्या. खालच्या अंगाला ओल चढली, लोणा फुटला, रंगाचे पापुद्रे सुटले. सुतारानें प्लॅस्टिकच्या पट्ट्या उचकटल्या, तों मागें छातीइतक्या उंचीवर गाळाची रेघ, पट्टी धरून ओढावी तशी सरळ. शेजारच्या म्हातारीला विचारलें, तर तिनें आपल्या छातीवर हात ठेविला नि म्हणाली, “एकोणीसच्या साली हितवर. एकवीसला गुडघ्यापातूर.” २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, दोन्ही पूर त्या आळीनें घरांत घेतले होते. सगळ्या आळीला ठाऊक होतें. आम्हीं विचारलेंच नव्हतें. छताच्या पट्ट्या काढल्या तेव्हां तुळई दिसली. सुतारानें तींत अंगठा दाबला. तो पेरापर्यंत आंत गेला. वाळवी. तो कांहीं बोलला नाहीं, आणि तें न बोलणें मला अजून लागतें.

मग मीं सूची दोन पुन्हा उघडली. दहा महिन्यांपूर्वीं तें घर त्या गृहस्थानें साडेनऊ लाखांस घेतलें होतें. आम्हांला दिलें अठरांस. हा आंकडा पाडव्याच्या आधींही माझ्या डोळ्यांपुढें होता. मीं नांव पाहिलें, किंमत पाहिली नाहीं. आमच्या गवंड्याच्या हिशेबानें साजाचा खर्च फार तर दोन-अडीच लाख. मुद्रांक, व्याज, दलाली धरली तरी उरलेला पैसा कशाचा? बरें, साडेनऊ लाखांस तें विकणारा कोण? दोन पुरांनीं कंबर मोडलेला एक कासार. त्याच्या हातांत रंगाला पैसे नव्हते, थांबावयास वेळ नव्हता. त्याच्या अडचणीचा पैसा एका टोकाला आणि आमच्या सुताराच्या भिडेचा पैसा दुसऱ्या टोकाला! दोन्ही टोकें आपल्याच घरांतलीं आहेत, हें शेतकरी-कारागीर बांधवांनीं ध्यानांत घ्यावें. अडचणींत घर विकण्याची पाळी आली तर पहिल्या येणाऱ्याच्या हातांत किल्ली देऊं नये. आळींत, नातलगांत आधीं सांगावें. रंगाचे दोन डबे नि चार दिवस यांनीं किंमत किती फिरते, तें तो व्यापारी जाणतो, आपण जाणत नाहीं.

कोणी म्हणेल, कोर्टांत जा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणें, विकणारास ठाऊक असलेला आणि घेणाराच्या साधारण नजरेस न येणारा मोठा दोष त्यानें सांगितलाच पाहिजे. पण जो दोष साधारण काळजी घेतली असतां कळला असता, त्याचें ओझें घेणारावरच पडतें. शेजारणीला एक प्रश्न विचारून जें कळलें असतें, त्याची दाद मागावयास आम्ही कोणत्या तोंडानें जावें? वकिलानेंही मान हलविली.

कागदाविषयीं थोडें सांगणें जरूर आहे, कारण या धंद्यांत एक खोड फार आहे. पहिल्या खरेदीचें मुद्रांक शुल्क वांचावें म्हणून कित्येक व्यापारी घर स्वतःच्या नांवें घेतच नाहींत. मूळ मालकाकडून साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र करून घेतात आणि त्यावर तुमच्याशीं सौदा करितात. अशा नुसत्या कागदांनीं मालकी फिरत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं स्वच्छ सांगितलें आहे. मालकी फिरते ती नोंदलेल्या खरेदीखतानें. मध्यें मूळ मालक वारला तर त्या मुखत्यारपत्राचा जोरही बहुधा संपतो. तेव्हां मूळ मालकाला स्वतः भेटावें, तो सहीला उभा राहील असें करावें. घर वडिलार्जित असेल तर त्याच्या बहिणींना विचारावें. २००५ च्या दुरुस्तीनें हिंदु कुटुंबांत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. तिची सही नसलेलें खरेदीखत म्हणजे पुढच्या दाव्याचें बीं. आणि ग्रामपंचायतीचा नमुना आठ हातांत आला म्हणून मालकी ठरली असें मानूं नये. ती कराची नोंद आहे. बँकेनें कर्ज दिलें म्हणजे घर चांगलें, हीही भाबडी समजूत होय. बँकेचा माणूस बँकेचा पैसा बुडणार नाहीं एवढें पाहतो, तुमची तुळई पाहात नाहीं.

पण कागद वाचणारे आतां गांवोगांव मिळतात. भिंत वाचणारा सोबत न्यावयाचा राहून जातो. घर पाहावयास जातांना आपला गवंडी आणि आपला सुतार बरोबर न्यावा, त्यांचा दिवस भरून द्यावा. त्यांनीं भिंत वाजवावी; बदबद आवाज आला तर गिलावा सुटलेला आहे. मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविला कीं आंतली ओल बाहेर पडत नाहीं, ती भिंत खाते. छताची एक तरी पट्टी काढावयास लावावी. “मोडेल” म्हणाला तर मोडल्याचे पैसे देऊं म्हणावें; त्यावरही नाहीं म्हणाला तर उत्तर मिळालेंच. स्लॅब असेल तर खालून नव्या सिमेंटचीं ठिगळें आहेत काय पाहावें. आंतली सळई गंजून फुगली कीं सिमेंट गळतें, आणि ठिगळ लावून गंज थांबत नाहीं. बटणें नवीं, तारा जुन्या, हाही नेहमींचा प्रकार. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत हें तर डोक्यांतून काढूनच टाकावें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या भूकंपांत लातूर-धाराशिवकडील हजारों माणसें मेलीं, तीं मातींत रचलेल्या जाड दगडी भिंतींखालीं आणि वरच्या मातीच्या भाराखालीं. तशा भिंतीला गुळगुळीत पुट्टी केली तर ओळखावयाची कोणी?

आणि हीं घरें पाडव्याला व अक्षय तृतीयेला कां निघतात, याचा विचार केला आहे काय? मुहूर्त हें एक कारण. दुसरें कारण, चैत्र-वैशाखांत भिंत सुकलेली असते. शक्य असेल तर घर आषाढांत पाहावें, छत्री घेऊन. विकणारानें केलेली दुरुस्ती तोंडी ऐकूं नये. काय केलें, केव्हां केलें, तें साठेखतांत लिहून मागावें. दहा महिन्यांपूर्वींची किंमत सूचींत असेल तर ती मोठ्यानें वाचावी. भाव आपोआप खालीं येऊं लागतो.

ज्यांच्या घरांतच करणी, रंधा आहे, त्यांनीं न सजविलेलेंच घर शोधावें, असें माझें मत आहे. आमच्या सुतारानें तेंच साडेनऊ-दहा लाखांचें घर उघडें-वाघडें पाहिलें असतें, तर पुराची रेघ पाहून एकतर घेतलें नसतें, किंवा त्या भावांत घेऊन स्वतःच्या हातानें उभें केलें असतें. मजुरी घरांत राहिली असती. हातीं थोडा पैसा असेल आणि सहा महिने दम निघत असेल तरच हें जमतें, हेंही खरें. घर बायकोच्या एकटीच्या नांवें घेतलें तर २०२१ पासून महाराष्ट्रांत मुद्रांक शुल्कांत एक टक्का सवलत आहे. पंधरा वर्षें पुरुषाला विकतां येणार नाहीं ही पहिली अट २०२३ सालीं काढली. आमच्या सुतारानें तेवढी एक गोष्ट बरोबर केली होती, आणि तीही त्याच्या बायकोनें सुचविलेली.

त्यानें दिवाळींत वाळवीची तुळई उतरवून नवी चढविली. भिंतीचा गिलावा छातीपर्यंत खरवडून ठेविला आहे, ओल वाळेपर्यंत नवा लावणार नाहीं म्हणतो. गाळाची रेघ त्यानें पुसलेली नाहीं. त्याच आळींत आणखी एका घराला पुट्टी चालली आहे. गेल्या रविवारीं तें पाहावयास आलेल्या एका जोडप्याला त्यानें हांक मारून आपल्या घरांत नेलें आणि ती रेघ दाखविली.