पोच दिली, मग मुदत पाळा



गाव वाढून शहर झाले, शिवार नगरपरिषदेच्या हद्दीत गेले आणि विकास आराखड्यात आपल्या सर्व्हे नंबरावर शाळेचे नाहीतर बाजाराचे आरक्षण पडले, ही आता जिल्ह्याजिल्ह्यातली गोष्ट झाली. शहराला शाळा नको असे कुणी म्हणत नाही. हवी तर मोबदला देऊन जमीन घ्या. घ्यायची नाही आणि सोडायचीही नाही, हे चालणार नाही.

आरक्षित रानात विहीर खणायला कायद्याची आडकाठी नाही. पण उद्या जाणाऱ्या जमिनीत पैसा कोण पुरणार? दहा वर्षांत आंब्याची कलमे भर फळावर आली असती. तिथे वेडी बाभूळ माजते. शेतकी शिकलेल्या माणसाला ते बघवत नाही.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधले कलम १२७ नेमके यासाठी आहे. अंतिम आराखडा लागू होऊन १० वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालकाने हक्काच्या कागदांसह नोटीस द्यायची. ती पोचल्यापासून २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण संपले असे कायदाच मानतो. (मूळ कायद्यात ही मुदत ६ महिने होती. वाढवली कुणाच्या सोयीसाठी, ते तुम्हीच ओळखा.)

नगरपरिषद काय करते? पोचेचा शिक्का मारते, कागद दप्तरात जातो. मुदत सरत आली की घाईने ठराव, कलेक्टरांकडे प्रस्ताव, आणि म्हणे पावले उचलली! गिरनार ट्रेडर्स खटल्यात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने निकाल दिला की नुसता ठराव आणि पत्रव्यवहार म्हणजे पाऊल नव्हे. संपादनाची घोषणा व्हायला हवी.

आरक्षण संपल्याचा आदेश सरकारने राजपत्रात छापायचा असतो. त्याला मात्र कायद्याने मुदत घातलेली नाही. शेतकऱ्याला तारखा, सरकारला मोकळीक!

आणखी एक. नोटीस देण्याआधी सुधारित आराखडा लागू झाला, तर १० वर्षे पुन्हा एकपासून मोजतात. म्हणून थांबू नका.

आपली मागणी साधी आहे. कलम १२७ खाली आलेली प्रत्येक नोटीस आवक तारखेसह आणि मुदत संपण्याच्या तारखेसह नगरपरिषदेने फलकावर लावावी. जिल्हा बैठकीला येताना सातबारा, फेरफार आणि आराखड्याचा भाग नकाशा घेऊन या. नोटिसा तिथेच लिहायला बसू.