न भरलेला कर कोण भरतो?

ब्रिटनमधल्या मराठी घरांत करांचा विषय निघाला की दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक म्हणजे १२,५७० पौंडांची करमुक्त मर्यादा २०२१ पासून जागची हललेली नाही, त्यामुळे पगारवाढीतला मोठा घास सरकारच घेते. दुसरी, व्हिसावर असलेल्याने नॅशनल इन्शुरन्सही भरायचा आणि वर आरोग्य अधिभार म्हणून प्रौढ माणसामागे वर्षाला १,०३५ पौंडही मोजायचे. दोन्ही तक्रारी रास्त आहेत. पण त्या नादात सगळे लक्ष दरांवर खिळते आणि सरकारी पैसा कोणाच्या मंजुरीने कुठे जातो, हे विचारायचे राहून जाते. खरे तर किती कर द्यावा याबद्दल या देशातल्या लोकांची मते बरीच समंजस आहेत. ‘ब्रिटिश सोशल अ‍ॅटिट्यूड्स’ हे सर्वेक्षण १९८३ पासून विचारते आहे, की कर वाढवून आरोग्य, शिक्षण आणि सामाजिक मदतीवर जास्त खर्च करावा, आहे तसेच ठेवावे, की दोन्ही कमी करावे. २००२ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये साधारण ६० टक्के लोक ‘वाढवा’ म्हणाले. २०१० च्या सुमारास तसे म्हणणारे एक तृतीयांशावर आले होते. खर्च आटला की लोक वाढवायला सांगतात, वाढला की ‘आता पुरे’ म्हणतात. ‘दोन्ही कमी करा’ म्हणणारे मात्र कायम मोजकेच राहिले. लोकांची नजर चुकते ती अर्थसंकल्पात खर्च म्हणून कधी दिसतच नाही अशा खर्चावर. न भरलेला कर हा त्यातला एक मोठा प्रकार. कुणीही मंजूर न केलेला तो सरकारी खर्चच असतो, आणि तो उघड्यावर पाहायचा असेल तर फुटबॉल क्लबांकडे बघावे, कारण तिथे प्रेमापोटी हिशेब विचारायची कुणाची इच्छाच नसते.

पोर्ट्समथचे उदाहरण घ्या. २००८ मध्ये या क्लबने एफए कप जिंकला आणि दोनच वर्षांत, २०१० मध्ये, दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली जाणारा प्रीमियर लीगमधला तो पहिला क्लब ठरला. फुटबॉलमध्ये तेव्हाही एक नियम होता आणि त्याचा गाभा आजही टिकून आहे: बुडालेल्या क्लबने खेळाडूंची आणि इतर क्लबांची देणी आधी पूर्ण चुकवायची, उरलेल्यातून बाकीच्यांना द्यायचे. पोर्ट्समथच्या बाकीच्या धनकोंशी पौंडामागे २० पेन्सची तडजोड ठरली. त्या बाकीच्यांत कर खाते होते, गावातले छोटे पुरवठादार होते, आणि मैदानावर प्रथमोपचाराला उभी राहणारी सेंट जॉन अँब्युलन्स ही धर्मादाय संस्थाही होती. कर खात्याने आधी या तडजोडीला आणि पुढे २०१२ मध्ये या नियमालाच न्यायालयात आव्हान दिले; दोन्ही वेळा ते हरले. नियमामागे तर्क आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. एका क्लबने दुसऱ्याचे पैसे बुडवले तर तोही बुडेल आणि स्पर्धाच कोलमडेल. पण या तर्काचा खर्च कोणी उचलला? चषक जिंकणाऱ्या संघाचे पगार परवडत नव्हते. ते देता यावेत म्हणून पगारातून कापलेला कर आणि तिकिटांवरचा व्हॅट वेळेवर सरकारजमा झाला नाही, म्हणजे त्या चषकाला ज्यांनी कधी पोर्ट्समथ पाहिलेही नाही अशा माणसांनी वर्गणी दिली. त्यांना कुणी विचारले नव्हते.

ग्लासगोच्या रेंजर्सची कथा अधिक गुंतागुंतीची आहे, आणि माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेपही तिच्यातच सापडतो. २००१ ते २०१० या काळात क्लबने खेळाडू आणि अधिकाऱ्यांना ४.७ कोटी पौंडांहून अधिक रक्कम ट्रस्टमार्फत कर्जाच्या रूपात दिली, त्यामुळे तिच्यावर पगारासारखा कर कापला गेला नाही. समर्थक म्हणतात, यात चोरी कसली? करतज्ज्ञांच्या सल्ल्याने केलेले नियोजन होते ते. २०१२ मध्ये पहिल्या लवादाने बहुमताने आणि नंतर वरच्या लवादानेही क्लबची बाजू उचलून धरली होती. आपण आयएसए या करमुक्त बचत खात्यात पैसे ठेवतो, पगारातला भाग थेट पेन्शनकडे वळवतो, तेव्हा तेच करत नाही का? माझे उत्तर असे, की आयएसएची करसवलत संसदेने ठरवली, तिला मर्यादा घातली, आणि वाटेल तेव्हा ती काढून घेण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवला. ती उघड मान्य केलेली सूट आहे. ट्रस्टची कर्जे कुणीही मान्य केलेली नव्हती. कायद्याची शिवण कुठे उसवते ते पाहून काढलेली ती वाट होती. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये एकमताने सांगितले, की हा पगारच होता आणि त्यावर कर लागू होता. तोवर क्लब चालवणारी जुनी कंपनी अवसायनात निघून जवळजवळ पाच वर्षे झाली होती. तिला बुडवणारा तातडीचा घावही याच जातीचा होता: २०११ मध्ये मालकी बदलल्यानंतर पगारातून कापलेला कर (पेये) आणि व्हॅट सरकारकडे पोचवलाच गेला नव्हता. या पैशाबाबत तर सल्ला, नियोजन वगैरे बोलायलाही जागा नाही. कर्मचाऱ्याच्या पगारातून कापलेला कर मालकाचा नसतोच, तो फक्त त्याच्या हातातून पुढे जायचा असतो. गंमत अशी, की नव्या कंपनीखाली चौथ्या श्रेणीत प्रवेश मिळालेल्या रेंजर्सचा आयब्रॉक्स या घरच्या मैदानावरचा पहिलाच लीग सामना बघायला ४९ हजारांहून अधिक लोक आले. पैसे मोजणाऱ्या माणसांची या क्लबला कधीच वानवा नव्हती. लोक आनंदाने द्यायला तयार होते तेवढ्यात भागवायचे नाही, हा निर्णय बोर्डाचा होता.

यावर कुणी म्हणेल की क्लब म्हणजे कारखाना नव्हे. गावाची ओळख त्यात असते, आणि सरकार ऑपेराला, संग्रहालयांना देतेच की. मला हे मान्य आहे. १८८५ मध्ये स्थापन झालेला बरी क्लब २०१९ मध्ये लीगमधून काढला गेला तेव्हा त्या गावाने जे गमावले ते ताळेबंदात मांडता येणार नाही. म्हणून सार्वजनिक पैसा फुटबॉलला कधीच देऊ नये असे मी म्हणत नाही. द्यायचा तर नाव घेऊन द्यावा, रक्कम सांगावी आणि बदल्यात काय मिळणार ते लिहून घ्यावे. २०१३ मध्ये पोर्ट्समथचा ताबा समर्थकांच्या ट्रस्टने घेतला तेव्हा शहराच्या काउन्सिलने त्यांना १४.५ लाख पौंडांचे कर्ज मंजूर केले. ज्यांना ते पटले नाही त्यांना नगरसेवकाला जाब विचारता येत होता. अर्थात मंजुरी पुरेशी नसते, हे नॉर्थॅम्प्टनने दाखवले. तिथल्या काउन्सिलने क्लबच्या स्टेडियमसाठी १.०२५ कोटी पौंड कर्जाऊ दिले, नवा स्टँड अर्धवट राहिला आणि पैसे बुडाले. पुढे लेखापरीक्षकांनी काउन्सिलवर कडक ताशेरे ओढले. पण निदान तिथे ताशेरे ओढायला कागद होते, आणि कोणावर ओढायचे तेही ठाऊक होते.

लंडनकरांना आणखी जवळचे उदाहरण स्ट्रॅटफर्डला आहे. ऑलिंपिकचे स्टेडियम फुटबॉलजोगे करायला ३२.३ कोटी पौंड लागले. त्यात तिथे खेळणाऱ्या वेस्ट हॅम क्लबचा वाटा दीड कोटी, आणि ९९ वर्षांच्या करारात वर्षाचे भाडे साधारण २५ लाख. त्या भागाच्या न्यूअम काउन्सिलची गुंतवणूक पाण्यात गेली, ती ५.२ कोटी पौंडांची नोंद खोडून टाकावी लागली. करार बराच काळ गुप्त होता. तो उघड झाला तेव्हा कळले की गोलपोस्ट आणि कॉर्नरच्या झेंड्यांचा खर्चसुद्धा सार्वजनिक संस्थेकडे आहे. तो उघड करायला लावला १४ क्लबांच्या समर्थक ट्रस्टांच्या आघाडीने. माहिती आयुक्त आणि लवादापर्यंत लढून २०१६ मध्ये. हे प्रतिस्पर्धी क्लबांचे लोक होते आणि त्यांना असूया वाटत असणार, यात शंका नाही. पण जे काम लंडनच्या प्रत्येक करदात्याने करायला हवे होते ते त्यांनी केले. म्हणूनच ‘फुटबॉलवेड्यांसारखा विचार करू नका’ हा शहाण्यांचा उपदेश मला पटत नाही. क्लबचा समर्थक खेळाडूंचे पगार, कर्जाचा बोजा, कापले गेलेले गुण यांचा तपशील तोंडपाठ ठेवतो. असे लक्ष आपल्या काउन्सिलच्या अंदाजपत्रकावर आपल्यापैकी कितीजण ठेवतात?

शेवटचा आक्षेप आकाराचा. प्रीमियर लीगचे क्लब आणि खेळाडू मिळून वर्षाला अब्जावधी पौंड कर भरतात. मग थोडे इकडेतिकडे झाले तर एवढा गहजब कशाला? पण एका माणसाने भरलेला कर दुसऱ्याच्या थकबाकीची सबब होऊ शकत नाही. शिवाय सूट एकदा अंगवळणी पडली की ती पसरते. मैदानाबाहेरच्या रस्त्यांवरच्या बंदोबस्ताचे पैसे पोलिसांना क्लबकडून मागता येत नाहीत, असे लीड्स आणि इप्सविच यांच्या खटल्यांत अपील न्यायालयाने ठरवले. मुंबईतही आयपीएलच्या बंदोबस्ताचे दर राज्य सरकारने २०२३ मध्ये पूर्वलक्षी प्रभावाने कमी केले आणि ते प्रकरण उच्च न्यायालयात पोचले. खेळ वेगळा, देश वेगळा, पण बिल तिथेही करदात्याच्याच नावावर फाडले गेले.

डिसेंबर २०२० पासून दिवाळखोरीत व्हॅट आणि पेयेच्या थकबाकीला पुन्हा अग्रक्रम मिळाला आहे, आणि फुटबॉल गव्हर्नन्स अ‍ॅक्ट २०२५ मुळे क्लबांना परवाना देणारे स्वतंत्र नियामक मंडळही आले आहे. या मंडळाने प्रत्येक क्लबकडे कर खात्याचे किती थकले आहे तो आकडा दर तिमाहीला जाहीर करावा. गुण-तक्त्याशेजारी तो छापला गेला तर समर्थक तोही वाचतील. तुमचा क्लब आर्सेनल असो, लेस्टर असो की तळच्या श्रेणीतला गावचा संघ, आपल्या खासदाराला आणि क्लबच्या समर्थक ट्रस्टला ही मागणी पत्राने कळवा.