उसरच्या हायड्रोजनचा हिशेब

वनस्पती तूप करताना तेलात हायड्रोजन घालतात, हे शाळेत शिकलेलं अनेकांना आठवत असेल. उलटी प्रक्रिया मात्र फारशी कुणाच्या कानावर पडत नाही. अलिबाग तालुक्यातल्या उसर इथला ‘गेल’चा प्रकल्प त्याच उलट्या वाटेचा आहे. प्रोपेनमधून हायड्रोजन काढायचा, हाती येणाऱ्या प्रोपिलिनचं पॉलिप्रोपिलिन करायचं. क्षमता वर्षाला 5 लाख टन. प्लास्टिकच्या खुर्च्या, सिमेंटच्या गोण्या, इंजेक्शनच्या सिरिंज होतात त्या याच प्लास्टिकच्या.

प्रोपेन आपला हायड्रोजन सुखासुखी सोडत नाही. सुमारे 600 अंशांची आच लागते, उत्प्रेरक लागतो, आणि त्यावर काजळी इतक्या झपाट्यानं साचते की ती वरचेवर जाळून काढावी लागते.

आता साधा हिशेब. प्रोपेनचे 44 भाग घेतले, तर 42 भाग प्रोपिलिन मिळतं आणि 2 भाग हायड्रोजन. म्हणजे 5 लाख टनांमागे जवळपास 24 हजार टन! या प्रकारच्या कारखान्यांत तो बऱ्याचदा भट्टीत इंधन म्हणून जातो. कारखानदाराच्या दृष्टीनं त्यात गैर काही नाही, आच तर हवीच. पण हायड्रोजन सुटा करायला जेवढी उष्णता लागते, तिच्या जवळपास दुप्पट उष्णता तो जाळल्यावर मिळते. प्रत्यक्षात गळती होतेच, तरीही सगळाच जाळायला हवा असं नाही.

इकडे केंद्र सरकारनं 2023 मध्ये हरित हायड्रोजन मोहिमेसाठी 19,744 कोटी रुपये मंजूर केले. उसरचा हायड्रोजन ‘हरित’ नाही. तो खनिज इंधनातूनच येतो, त्याला हिरवा रंग फासू नये. पण याच तालुक्यात थळला ‘आरसीएफ’चा खत कारखाना आहे आणि तिथं अमोनियासाठी लागणारा हायड्रोजन नैसर्गिक वायूतून काढला जातो. 24 हजार टनांत सव्वा लाख टनांहून अधिक अमोनिया होऊ शकतो. युरियासाठी कार्बन डायऑक्साइडही लागतो आणि तो वायूतूनच मिळतो, त्यामुळे वायू पूर्ण सुटणार नाही. तरी काही हिस्सा नक्की वाचेल.

दोन्ही कंपन्या सरकारी, दोन्ही अलिबागच्या मातीवर. उसरमध्ये वर्षाला किती हायड्रोजन निघतो, किती जळतो आणि किती विकला जातो, हे तीन आकडे ‘गेल’नं दरवर्षी जाहीर करावेत.